अक्कांच्या चौसष्ट वाट्या

अक्का दुपारी गोवर वाचायच्या. हो, गोवरच. लहान पोरांच्या अंगावर उठतो तो. लोक दुपारी पेपर वाचतात, पोथी वाचतात, नाहीतर तोच पेपर तोंडावर टाकून झोपतात. अक्का सकाळचं कॉलेज आटोपून, भाकरी खाऊन ओट्यावर मांडी घालून बसायच्या आणि हातातल्या झेरॉक्सच्या कागदांवरून खणखणीत आवाजात गोवर वाचायच्या. "ए-टी-जी. जी-सी-सी. ए-सी-ए. सी-टी-टी." तासभर तरी हे चालायचं. चाळीतल्या बायकांना आधी वाटलं, बाईनं कुठलातरी गुरू केला आणि त्यानं इंग्रजीत मंत्र दिला.

मी धुळ्याचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागलो आणि एका बैठ्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. पलीकडच्या दोन खोल्यांत अक्का आणि त्यांची आई. मधली भिंत एकच, तीही एका विटेची. पहिल्याच रविवारी उन्हानं जीव नकोसा झालेला, मी ओला पंचा तोंडावर घेऊन पडलो होतो, आणि भिंतीतून सुरू झालं, ए-टी-जी, जी-सी-सी. मला राग लवकर येतो. आजही येतो. उठलो, सदरा अडकवला आणि सांगायला निघालो की बाई, शिकवणी घ्यायची तर जरा हळू घ्या.

ओट्यावर पाहिलं आणि सांगायचं राहूनच गेलं. चार पाट मांडलेले. एकेका पाटावर सोळा वाट्या, अगदी लहान, चकचकीत. मधे नऊवारीतली एक वाळकी म्हातारी. तिच्या मांडीत सूप आणि सुपात दादर, म्हणजे आमची खानदेशातली टपोरी ज्वारी. अक्का तीन अक्षरं म्हणत आणि म्हातारीचा हात सुपातून एक दाणा उचलून नेमक्या एका वाटीत टाकी. पुन्हा तीन अक्षरं, पुन्हा एक दाणा. म्हातारी मान वर न करता मला म्हणाली, "बस भाऊ. मनी आंडेर गोवर वाची ऱ्हायनी." मुलगी गोवर वाचतेय, जरा बस. मी बसलो. खरं सांगायचं तर पुढची कितीतरी वर्षं बसूनच राहिलो.

अक्का आमच्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नाही, गाव धरणगावच्या बाजूचं. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांच्या आईला सगळे माय म्हणत. आणि मला अक्का पहिल्या दिवसापासून "गणितवाले" म्हणाल्या, ते शेवटपर्यंत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शंकाच आहे.

हे काय चाललंय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण त्याच्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत. विषाणू म्हणजे एक लांबलचक मजकूर. अक्षरं फक्त चार. तीन अक्षरांचा एक शब्द, असे सगळे मिळून चौसष्ट शब्द. पण त्यांतून सांगायच्या गोष्टी जेमतेम वीस. म्हणजे एकाच गोष्टीला चार-चार, सहा-सहा शब्द. मी म्हटलं, मग कुठलाही वापरला तरी काय बिघडलं? अक्का हसल्या. "गणितवाले, पाण्याला शब्द किती आहेत? जल आहे, नीर आहे, उदक आहे. पण तहान लागल्यावर तुम्ही मायकडे नीर मागता का? तसाच हा. ह्याचेही आवडीचे शब्द आहेत आणि नावडीचे आहेत. माणूस 'आहे'ला 'शे' म्हणाला की आपण ओळखतो, हा आपल्याकडचा. विषाणू कुठले शब्द वापरतो आणि कुठले टाळतो, यावरून कळतं तो कुणाच्या घरात राहून शिकला."

तर चौसष्ट शब्दांच्या चौसष्ट वाट्या. वाट्यांसाठी मायनं आपली जुनी लुगडी बोहारणीला दिलेली. गोवर, पोलिओ, गालगुंड, कावीळ, माणसाला छळणाऱ्या एकेका विषाणूचा मजकूर अक्का पुण्याच्या ग्रंथालयातून झेरॉक्स करून आणत. झेरॉक्स पुसट असे. न लागलेले शब्द त्या सोडून देत, त्यामुळे एकूण दाणे किती व्हावेत याचा ताळा आधी बसवताच येत नसे. बैठक संपली की अक्का आत जाऊन चहा टाकत, चहा झाला की वाटी-वाटीतले दाणे मोजून लिहून घेत. मायला अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या आवाजाची कुठली वाटी हे तिच्या बोटांत बसलं होतं. अक्का अडखळल्या तर तिचा हात हवेत थांबायचा आणि ती विचारायची, "पुढे?"

काही वाट्यांत दाणा पडता पडत नसे. ज्या शब्दांत सी-ला लागून जी येतो ते शब्द माणसाचे बरेच विषाणू टाळतात, आणि अक्कांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा जीव तिथंच होता. मायला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला त्या वाट्यांची दया यायची. "हाई आज बी उपाशी शे," ती बोटानं दाखवून मला म्हणायची, जशी काही कुणाची सासुरवाशीण सून जेवायची राहिली आहे.

वर्गात अक्कांचा एकच हेका. काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहा. "शून्य हा आकडा आहे, त्याची लाज बाळगू नका," असं त्या प्रयोगशाळेत दर वर्षी नव्या पोरांना ऐकवायच्या. पोरं काय, परीक्षेच्या आदल्या दिवशी वहीत काहीबाही भरायची. अक्का वही उघडत आणि दोन मिनिटांत सांगत, "हे तू पाहिलेलं नाहीस. हे तू त्याच्या वहीतून घेतलंस, आणि त्यानंही पाहिलेलं नाही." एकदा त्यांच्याच हातून एक काचेची बशी उघडी राहिली आणि त्यात बुरशी आली, तर अख्ख्या हंगामाचं काम त्यांनी नळाखाली धुऊन टाकलं. मी म्हटलं, एका बशीसाठी? त्या म्हणाल्या, "एका बशीसाठी नाही हो. उद्या मला झोप लागली पाहिजे ना!" आणि त्या दिवशी वांग्याचं भरीत असं झणझणीत केलं की माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. राग आला की अक्का भरीत करायच्या.

मी एकदा सहज बोलून गेलो, "अक्का, गोवरावर आता लस आहे. मग त्याच्या मागे एवढं कशाला?" अक्कांनी कागद खाली ठेवले. माय आत होती, तिकडे एकदा पाहिलं.

"मला धाकटा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "बापू. मी शाळेत होते. त्याला गोवर आला. आमच्या घरची रीत, गोवर आला की पोराच्या उशाशी दाण्यांनी भरलेली वाटी ठेवायची, ती रिकामी होऊ द्यायची नाही. माय पाण्याला गेली. दार उघडं राहिलं. चिमण्या आल्या आणि दाणे टिपून गेल्या. माय परत आली तर वाटी रिकामी, आणि बापू गेलेला."

मग अक्का म्हणाल्या, "तो तापानं गेला, हे मला कळतं. मी हे शिकले आहे. पण मायला आजही वाटतं, वाटी रिकामी राहिली म्हणून गेला. तुम्ही आमच्या घरात कधी रिकामी वाटी पाहिलीत? घासलेली वाटी ती पालथी तरी घालते, नाहीतर तीत दोन दाणे तरी टाकते." खरंच होतं ते. मी पाहिलं होतं, पण ही एक म्हातारीची खोड म्हणून सोडून दिलं होतं. "ज्यानं माझा भाऊ नेला त्याची बोली मला यायला नको? प्रबंध होईल तेव्हा पहिल्या पानावर अर्पण म्हणून एकच शब्द लिहीन. बापूस. मायला वाचता येत नाही, पण मी तिचा हात धरून त्या शब्दावरून फिरवीन."

मायलाही ते माहीत होतं. ती मला अधूनमधून विचारायची, "भाऊ, बापूनं पुस्तक कधी येवाव शे?" प्रबंध अक्कांचा, पण मायच्या लेखी ते बापूचं पुस्तक होतं. ती त्यासाठीच उन्हातान्हात त्या चार पाटांपुढे बसायची.

प्रबंध पुण्याला गेला त्या दिवशी मायनं पुरणाचे मांडे केले. खापरावरचे, हातभर रुंद. मी किती खाल्ले ते सांगत नाही. चाळीतल्या प्रत्येक घरी एकेक गेला आणि बायका विचारू लागल्या, अक्कांचं ठरलं की काय? अक्का लाजल्या. त्यांना लाजताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

मग खूप महिन्यांनी पुण्याहून उत्तर आलं. अक्का ते घेऊन सरळ माझ्या खोलीत आल्या, उभ्याच राहिल्या. कुणा परीक्षकानं लिहिलं होतं की हे आकडे मोजलेले नसून बनवलेले आहेत. एवढ्या छोट्या मजकुरांत, काही शब्द एकदाही न येणं साहजिक आहे, तरी सगळेच आलेले दिसतात. एकाही रकान्यात शून्य नाही. शून्याला घाबरणाऱ्या माणसानं हे आकडे घरी बसून तयार केलेले आहेत.

अक्कांना! शून्याची लाज बाळगू नका असं ओरडून जिचा घसा बसायचा, त्या बाईला! मी इतका संतापलो की आत्ताच्या आत्ता पुण्याची गाडी पकडतो आणि त्या शहाण्याची कॉलर धरतो म्हणालो. अक्का म्हणाल्या, "बसा. ओरडू नका. तुम्ही गणितवाले ना? मग आधी बघा, त्याचं म्हणणं बरोबर आहे का." आणि आकड्यांची वही माझ्यापुढे ठेवली.

आकडे घेऊन बसलो आणि माझा संताप उतरत गेला. शून्य खरंच कुठं नव्हतं. आणि एक गोष्ट परीक्षकाच्याही लक्षात आली नव्हती. सी-जीच्या रकान्यांत जिथं तिथं पाच होते. लहान मजकुरातही पाच, मोठ्यातही पाच. मी गोवराचं एक पान घेतलं आणि पेन्सिलनं शब्दागणिक खुणा करत गेलो. ज्या शब्दापुढे अक्कांच्या अक्षरात पाच लिहिलं होतं, तो शब्द त्या अख्ख्या पानात एकदाही नव्हता. मी तसं सांगितलं. अक्का बराच वेळ त्या पाचाकडे बघत राहिल्या. मग कागद उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बैठक झाली. मी होतोच. अक्का नेहमीसारख्या चहा टाकायला म्हणून उठल्या, पण चुलीकडे गेल्याच नाहीत, दाराआड थांबल्या. मी ओट्याच्या कडेला होतो, मला दोघी दिसत होत्या. मायनं पाटांवरून नजर फिरवली. जी वाटी रिकामी होती तीत तिनं सुपातले दाणे टाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. टाकण्याआधी मूठ कपाळाला लावली. मग पुढच्या रिकाम्या वाटीत. तिथंही कपाळाला लावून. ओठ हलत होते. माझ्यापुढे काही चोरी नव्हती तिची. चूल पेटवावी, केर काढावा, तसंच एक घरातलं काम ती करत होती, आणि असंच ती रोज करत आली असणार. मी आजवर चहाच्या वासाकडे नाक लावून बसलेलो असायचो, मला काय दिसणार?

घरात मुलगी आहे, समोर गोवर मांडलाय, आणि वाटी रिकामी! ती माय कशी राहू देईल रिकामी? एक पोर त्यानं नेलं होतं. दुसरं तोंडानं त्याचं नाव घेत रोज त्याच्या पुढ्यात बसत होतं.

अक्का दाराआडून आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं चहा आला. त्यात साखर नव्हती. मायनंच विचारलं, "काय व्हयनं वं? साखर सरनी का?" अक्का म्हणाल्या, "हा माय, सरनी."

मी त्यांच्या मागे लागलो. यात काय आहे एवढं? लिहून कळवा की मोजणीत मदत करणाऱ्याकडून चूक झाली, नवे आकडे देते. पुण्याच्या मार्गदर्शकांनीही तेच सांगितलं, फक्त ते म्हणाले, परीक्षकानं खोटेपणाचा ठपका ठेवलाय, तेव्हा चूक कुणाची, कशी झाली हे सविस्तर आणि सहीनिशी हवं. अक्का तीन-चारदा लिहायला बसल्या. कागद फाडून टाकले.

"काय लिहू?" त्या मला म्हणाल्या. "एका अडाणी बाईनं देवभोळेपणानं दाणे टाकले, असं? उद्या तिकडे चहाच्या टेबलावर किस्सा होईल हो हा. हसतील लोक. आणि माझ्या सहीनं हसतील. तिनं माझ्यासाठी टाकले ते दाणे. तिचं नाव चुकीच्या खाली मी लिहू?"

"मग मायला तरी सांगा," मी म्हटलं. "निदान पुढं टाकणार नाही."

अक्का माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या. त्या दिवशी चिडल्या. "एका वाटीनं तिचा मुलगा गेला असं ती जन्मभर धरून बसली आहे. आता तिला सांगू, तुझ्या वाट्यांनी मुलीचंही वाटोळं केलं? खबरदार गणितवाले, तिच्यापुढे ब्र काढलात तर." आणि मग त्या रडल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, कारण पलीकडे माय होती.

मार्गदर्शकांनी वाट बघितली आणि हात वर केले. डिग्री गेली. कॉलेजात कुजबुज झाली, झाली नाही असं कशाला म्हणू. आकडे बनवले म्हणे. अक्का स्टाफरूममध्ये आल्या की बोलणं थांबायचं. ज्यांच्या वह्या त्यांनी परत केल्या होत्या त्या पोरांना तर पर्वणीच. अक्का मान खाली घालून हजेरी घ्यायच्या आणि प्रयोगशाळेत अजूनही सांगायच्या, शून्याची लाज बाळगू नका. मागच्या बाकावरून कुणीतरी हसायचं. मी त्या पोराला गणितात काय केलं ते विचारू नका.

पण खऱ्या अक्का मला त्यानंतर दिसल्या. त्या पहाटे उठून, कॉलेजला जायच्या आधी, कागदावर पेन्सिलनं खुणा करत तोच मजकूर पहिल्यापासून पुन्हा मोजू लागल्या. कुणी मागितलं नव्हतं, कुठं द्यायचं नव्हतं. आणि दुपारी? दुपारी पुन्हा तेच चार पाट, तेच सूप. ए-टी-जी, जी-सी-सी. मायचा दाणा पडतोय. अक्का चहाला उठतायत. माय पाच-पाच दाणे टाकतेय. अक्का येऊन सगळ्या वाट्या मोजतायत, आकडे लिहितायत, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी चुलीत घालतायत. मायनं विचारलं की म्हणायच्या, "चालू शे माय, बापूनं पुस्तक. मोठं काम शे."

पुढे कॉलेजात संगणक आला. खोलीला पडदे, बाहेर चपला काढायच्या, असा थाट. मी त्यावर गोवराचा मजकूर घालून मोजून काढला. मशीननं चहा थंड व्हायच्या आत चौसष्ट आकडे दिले. अक्कांच्या पहाटेच्या आकड्यांशी ताडून पाहिले, एकाचाही फरक नाही. सी-जीच्या जागी शून्यं, जिथं हवी तिथं. मी धावत घरी आलो. अक्कांनी कागद पाहिला, माझ्या पाठीवर थाप मारली. मग पिशवीतून परदेशी मासिकाची एक झेरॉक्स काढली. विषाणू कुठले शब्द टाळतात, यावर कुणीतरी सगळं मांडलं होतं. "बघा, माझंच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त नाव दुसऱ्याचं आहे." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. मला तो बघवला नाही.

"मग आता दुपारी कशाला घसा फोडता?" मी विचारलं. "आता गरज नाही."

"मला नाही," अक्का म्हणाल्या. "तिला आहे. ती रोज माझ्यासाठी काहीतरी करते आहे असं तिला वाटतं. ते कसं काढून घेऊ?"

मग एका पावसाळ्यात अक्कांचे डोळे पिवळे झाले. साधी कावीळ म्हणून झाडपाला झाला, जामनेरकडच्या कुणा माणसाचं औषध झालं. मायच्या समाधानासाठी अक्कांनी तेही मुकाट घेतलं. साधी नव्हती ती. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा हळद लागल्यासारख्या दिसत होत्या. लग्नात न लागलेली हळद, असं कुठल्याशा बाईनं तिथंच म्हटलं. अशा बायकांच्या जिभेला काय म्हणावं! अक्कांनी मला जवळ बोलावलं. "हा काही अनोळखी नाही, गणितवाले. ह्यालाही वाचलंय मी. मायनं ह्याचेही दाणे टाकलेत." मग म्हणाल्या, "माय बसली तर दोन पानं वाचत जा. तुमचा आवाज घोगरा आहे, पण चालेल." आणि त्यानंतर त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

माय रडली नाही. ती तेराव्यापर्यंत एका जागी बसून होती. पाहुणे धरणगावच्या गाडीनं परत गेले. मीही कॉलेजला जाऊ लागलो. आणि एका दुपारी भिंतीपलीकडे वाट्यांचा आवाज आला. मी गेलो. चार पाट मांडलेले, सोळा-सोळा वाट्या, मांडीत सूप. अक्कांची जागा रिकामी होती आणि तिथं कागद ठेवलेले होते.

"वाच ना, भाऊ," माय म्हणाली.

मी वाचायला लागलो. ए-टी-जी. जी-सी-सी. मी अडखळत होतो. मायचा हात अडखळत नव्हता, दाणा नेमका पडत होता. पान संपलं. चहाला उठणारं कुणी नव्हतं. मी तसाच बसून राहिलो. सी-जीच्या वाट्या रिकाम्या होत्या. मी वाट पाहत होतो, आता माय मूठ कपाळाला लावेल.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"माले बठ्ठं माहीत शे, भाऊ," ती म्हणाली. सगळं माहीत होतं तिला. "भिंत एकच शे. मना पाच दाणास्नी तिनी डिग्री खादी. सकायले ती परत मोजे, ते बी माहीत व्हतं."

मी विचारलं, "मग माय, तुम्ही टाकत का राहिलात?"

"नही टाकतू, तर माले समजनं हाई तिले समजी जातं," माय म्हणाली. टाकले नसते तर तिला कळलंय हे अक्कांना कळलं असतं. "ती मनासाठे वाचे. मंग मी तिनासाठे टाकू."

मी त्या वाट्यांकडे पाहिलं. ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. मलाच राहवेना. मी सुपातले पाच दाणे उचलले आणि हात पुढे केला. मायनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ दे रिकामी," ती म्हणाली. "आते मनं कोन जावानं ऱ्हायनं?"